प्रयोगशाळेच्या अहवालात मराठी नावे पुन्हा पुन्हा का बिघडतात : एचएल७ जोडणीतील अक्षरसंचाचा दोष शोधणे आणि दूर करणे

रुग्णनोंदणीच्या पडद्यावर ‘प्रकाश’ असे शुद्ध दिसणारे नाव प्रयोगशाळेच्या अहवालावर प्रश्नचिन्हांची ओळ होऊन उमटते, किंवा त्याच्या जागी खुणा डोक्यावर घेतलेल्या रोमन अक्षरांचे कडबोळे दिसते. तक्रार येते, कोणीतरी एक पर्याय बदलतो, दोन-तीन आठवडे सारे सुरळीत चालते आणि एखाद्या रविवारी सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला की सोमवारी सकाळी तोच दोष हजर असतो. नावे देवनागरीत नोंदवणाऱ्या रुग्णालयांच्या जोडण्यांवर काम करताना हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की, ‘मागच्या वेळी दुरुस्त केले होते’ हे वाक्य ऐकताच दुरुस्ती चुकीच्या टप्प्यावर झाली असणार, असे मी गृहीत धरतो.

पुढील विवेचन ज्या रचनेला लागू पडते ती अशी : रुग्णालयाची मुख्य प्रणाली रुग्णाची नोंद करते, एचएल७ (आरोग्यविषयक प्रणालींनी एकमेकींना माहिती देण्याचे मानक) आवृत्ती २ चा संदेश इंटरफेस इंजिनाकडे, म्हणजे प्रणालींमध्ये संदेशांची ने-आण करणाऱ्या मध्यस्थाकडे, जातो, इंजिन तो प्रयोगशाळेच्या प्रणालीला देते, तपासणीचा निकाल उलट्या वाटेने परत येतो, आणि अलीकडे त्याच निकालाचा एफएचआयआर (एचएल७ चेच नवे मानक) दस्तऐवज आयुष्मान भारत डिजिटल मिशन या आरोग्यनोंदींच्या राष्ट्रीय उपक्रमाच्या जाळ्यात पाठवला जातो. एचएल७ ही संस्था १९८७ साली अमेरिकेत स्थापन झाली आणि तिच्या दुसऱ्या आवृत्तीचा संदेश म्हणजे उभ्या रेघांनी विभागलेला साधा मजकूर होय. हा मजकूर कोणत्या अक्षरसंचात, म्हणजे अक्षरांना आकडे देण्याच्या कोणत्या पद्धतीत, लिहिला आहे याची जाणीव दोन्ही टोकांना असेल, असे गृहीत धरूनच सारा व्यवहार चालतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

आधी चिन्हे मोजावीत

कोणतीही सेटिंग बदलण्यापूर्वी बिघडलेले नाव नीट पाहावे, कारण बिघाडाच्या स्वरूपावरूनच तो कोठे झाला हे निम्मे कळते. ‘प्रकाश’ हे नाव डोळ्यांना तीन अक्षरांचे वाटले तरी युनिकोडच्या (सर्व लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतसंचाच्या) दृष्टीने ते सहा घटकांचे आहे : प, हलन्त, र, क, काना आणि श. यूटीएफ-८ या युनिकोड बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक घटक तीन बाइट घेतो, म्हणजे हे नाव तारेवरून १८ बाइट होऊन जाते.

अहवालावर सहा प्रश्नचिन्हे असतील, तर नाव कोणीतरी योग्य रीतीने वाचले होते, परंतु पुढे लिहिताना देवनागरी न मावणाऱ्या अक्षरसंचात ते कोंबले गेले. १८ प्रश्नचिन्हे किंवा चौकटीतली १८ प्रश्नचिन्हे असतील, तर ते वाचतानाच चुकले आहे, कारण वाचणाऱ्याला प्रत्येक बाइट हेच एक अनोळखी अक्षर वाटले. १८ चित्रविचित्र रोमन खुणा असतील, डोक्यावर तिरपी रेघ असलेले रोमन ‘ए’ दर तीन खुणांनी परत येत असेल आणि त्याच्या शेजारी कधी चलनाचे सर्वसाधारण चिन्ह, तर कधी जपानी येनचे चिन्ह दिसत असेल, तर यूटीएफ-८ मधील मजकूर लॅटिन-१ किंवा विंडोज-१२५२ (रोमन लिपीचे एक-बाइटी अक्षरसंच) समजून वाचला गेला आहे. येनचे चिन्ह हा गमतीचा पण उपयुक्त पुरावा आहे. देवनागरीचे स्वर, व्यंजने, काना आणि ऱ्हस्व वेलांटी यांचे बाइट हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या अंकलेखनात) ‘ई० ए४’ ने सुरू होतात, तर दीर्घ वेलांटी, उकार, मात्रा आणि हलन्त यांचे ‘ई० ए५’ ने, आणि लॅटिन-१ मध्ये ‘ए५’ म्हणजे येन होय. रोमन ‘ए’च्या डोक्यावर तिरप्या रेघेऐवजी लाटेसारखी खूण दिसू लागली, की ही चूक एकावर एक दोनदा झाली आहे असे समजावे.

नुसते रिकामे चौकोन दिसत असतील, तर बहुधा माहिती शाबूत आहे आणि छपाईयंत्रात किंवा पीडीएफ तयार करणाऱ्या घटकात देवनागरीचा फाँट नाही. नमुन्याच्या नळीवर चिकटवायच्या लेबलांच्या छपाईयंत्रांत हे नित्याचे आहे. यासाठी एचएल७ जोडणीला हात लावू नये.

काहीच नावे का बिघडतात

‘माधव’ नीट येतो, ‘कमल’ नीट येते, पण ‘सुनीता’ आणि ‘प्रकाश’ येत नाहीत, ही तक्रार ऐकणाऱ्याला चमत्कारिक वाटते आणि मग दोष नोंदणी-लिपिकाच्या टंकलेखनावर ढकलला जातो. याचे कारण मात्र अगदी नेमके आहे. अनेक जोडण्यांत एक टप्पा मजकूर विंडोज-१२५२ समजून वाचतो आणि पुढचा टप्पा तो त्याच अक्षरसंचात परत लिहितो. दोन चुका एकमेकींना खोडून काढतात आणि नाव शेवटी शुद्ध दिसते. परंतु विंडोज-१२५२ मध्ये पाच बाइटांना अर्थच दिलेला नाही : ८१, ८डी, ८एफ, ९० आणि ९डी. देवनागरीत ऱ्हस्व उकार ८१ ने संपतो, हलन्त ८डी ने, ‘ए’ ८एफ ने, ‘ऐ’ ९० ने आणि ‘झ’ ९डी ने. जावामध्ये लिहिलेले इंजिन अशा बाइटच्या जागी ‘अनोळखी’ची खूण टाकते आणि मूळ बाइट कायमचा जातो. म्हणजे ज्या नावात जोडाक्षर, ऱ्हस्व उकार, ‘ए’, ‘ऐ’ किंवा ‘झ’ आहे ते बिघडते आणि बाकीची तगतात. ज्या भाषेत जोडाक्षरांशिवाय पान हलत नाही, तिच्यासाठी ही अवस्था किती वाईट आहे हे सांगायला नको. पण चाचणी करणाऱ्याने ‘रमा काळे’ हे एकच नाव वापरले असेल, तर त्याला सारे आलबेल दिसते.

असाच प्रकार लॅटिन-१ मध्ये वेगळ्या वाटेने घडतो. तेथे हे पाच बाइट टिकतात, पण ८५ हा बाइट ‘नवी ओळ’ अशा अर्थाचे नियंत्रण-चिन्ह ठरतो, आणि देवनागरी ‘अ’ नेमका ‘ई० ए४ ८५’ असा लिहिला जातो. एखाद्याने संदेशाचे सेगमेंट (ओळीसारखे विभाग) सुटे करण्यासाठी पायथनचे ओळी तोडणारे तयार फंक्शन वापरले असेल, तर ‘अनिल’, ‘अशोक’, ‘अंजली’ यांच्या नावाच्या मध्येच रुग्णाची माहिती असलेला पीआयडी सेगमेंट तुटतो. नाव तर जातेच, पण त्याच्या पुढची जन्मतारीख आणि लिंग हेही सेगमेंटबाहेर पडतात. हिमोग्लोबिनसारख्या तपासणीची संदर्भ-मर्यादा वय व लिंग यांवर ठरते, त्यामुळे हा दोष केवळ दिसण्याचा उरत नाही. आणखी एक सापळा ‘ठ’ चा आहे. त्याचा शेवटचा बाइट ‘ए०’ असून लॅटिन-१ आणि विंडोज-१२५२ या दोन्हींमध्ये त्याचा अर्थ ‘न तुटणारी मोकळी जागा’ असा होतो, आणि पायथन व जावास्क्रिप्ट यांची कडेची मोकळी जागा छाटणारी फंक्शने ती इमानेइतबारे छाटतात. ‘शेठ’ आडनावाच्या रुग्णाचे शेवटचे अक्षर दर वेळी का बिघडते, याचा छडा लावण्यात मी एकदा अख्खा दिवस घालवला आहे.

म्हणून चाचणीचा रुग्ण नोंदवताना त्याच्या नावांच्या रकान्यांत ‘ज्ञानेश्वर’, ‘झुंबर’, ‘एकनाथ’, ‘अनसूया’, ‘शेठ’, ‘कुऱ्हाडे’ अशी खोडसाळ नावे मुद्दाम घालावीत.

दोष परत का येतो

हे बहुतेक वेळा जावाच्या मूलभूत एन्कोडिंगमुळे, म्हणजे मजकूर बाइटांत लिहिण्याच्या गृहीत पद्धतीमुळे, घडते. जावाच्या १७ व्या आवृत्तीपर्यंत, एन्कोडिंग स्पष्ट सांगितले नसेल तर संगणकाच्या प्रणालीवरून ते ठरवले जात असे. मार्च २०२२ मध्ये आलेल्या १८ व्या आवृत्तीपासून यूटीएफ-८ हे मूलभूत एन्कोडिंग झाले. रुग्णालयांतील इंजिने मात्र अजून ८ किंवा ११ या आवृत्त्यांवर चाललेली सर्रास आढळतात. अभियंता स्वतः लॉग-इन करून हाताने इंजिन सुरू करतो, तेव्हा त्याच्या लिनक्स सत्रात यूटीएफ-८ ठरवलेले असते आणि नावे शुद्ध येऊ लागतात. ‘झाले’ असे सांगून तो निघून जातो. पुढे वीज जाते किंवा सुरक्षा-सुधारणा बसवण्यासाठी सर्व्हर बंद-चालू केला जातो, इंजिन या वेळी सेवा म्हणून आपोआप सुरू होते, त्या सेवेला अभियंत्याच्या सत्रातील भाषा-सेटिंग मिळत नाही, मूलभूत एन्कोडिंग आस्कीवर (फक्त इंग्रजी अक्षरे, अंक व चिन्हे असलेल्या अक्षरसंचावर) उतरते आणि प्रश्नचिन्हे परत येतात. विंडोज सर्व्हरवर हेच थोड्या फरकाने घडते : तेथे प्रणालीच्या प्रादेशिक सेटिंगमधून विंडोज-१२५२ उचलले जाते.

तेव्हा एन्कोडिंगची सेटिंग वापरकर्त्याच्या प्रोफाइलमध्ये ठेवू नये. ती सेवेच्या संरचना-फाइलमध्ये लिहावी, आणि त्याहून बरे म्हणजे इंजिनातील प्रत्येक चॅनेलच्या (संदेशमार्गाच्या) येणाऱ्या व जाणाऱ्या दोन्ही बाजूंना यूटीएफ-८ नावानिशी निवडावे. मिर्थ कनेक्टसारख्या इंजिनांत टीसीपी लिसनरला (जाळ्यावरून संदेश स्वीकारणाऱ्या घटकाला) याचा स्वतंत्र पर्याय असतो आणि तो ‘डीफॉल्ट’वर सोडलेला असतो. डीफॉल्ट म्हणजे ‘सर्व्हर ठरवेल ते’, आणि सर्व्हर काय ठरवतो हे वर आलेच आहे. दुरुस्ती झाल्यावर सर्व्हर खरोखर बंद करून, कोणीही लॉग-इन न करता इंजिन आपोआप सुरू होऊ द्यावे आणि मगच चाचणीचा संदेश पाठवावा. ही एक पायरी पाळली तरी पुनरावृत्तीच्या बहुतेक तक्रारी संपतात.

एमएसएच-१८ आणि पोचपावतीचा भ्रम

एचएल७ आवृत्ती २ मध्ये संदेशाचा अक्षरसंच सांगण्यासाठी एमएसएच या सुरुवातीच्या सेगमेंटमध्ये अठरावे फील्ड (रकाना) आहे. ते रिकामे असेल तर मानकानुसार संदेश सात बिटांच्या आस्कीत आहे असे समजायचे असते, म्हणजे रिकाम्या एमएसएच-१८ सह देवनागरी पाठवणे ही मुळातच पाठवणाऱ्याची चूक ठरते. यूटीएफ-८ साठी मानकाच्या तक्त्यातील मूल्य दोन शब्दांचे आहे : आधी रोमन मोठ्या अक्षरांत ‘युनिकोड’, मग एक मोकळी जागा आणि मग ‘यूटीएफ-८’. अनेक जण नुसता दुसरा शब्द लिहितात. काही प्रणाली ते चालवून घेतात, तर काही न समजल्यामुळे गुपचूप आस्कीवर परततात.

दुसरी ढोबळ चूक मोजणीची आहे. एमएसएच सेगमेंटमध्ये पहिली उभी रेघ हेच पहिले फील्ड धरले जाते, म्हणून इतर सेगमेंटप्रमाणे रेघा मोजणारा माणूस अक्षरसंच एक घर पुढे लिहितो. एमएसएच-१९ हे मुख्य भाषेचे फील्ड असल्याने समोरची प्रणाली तक्रारही करत नाही.

आणि समोरच्या प्रणालीने तक्रार केली नाही याचा अर्थ काही लावू नये. पोचपावतीच्या संदेशात ‘एए’ हा संकेत आला की संदेश स्वीकारला गेला, एवढेच कळते. नावाच्या जागी १८ प्रश्नचिन्हे असली तरी तो मजकूर रचनेच्या दृष्टीने निर्दोष असतो आणि पावती बिनचूक मिळते. ‘आमच्याकडे सगळ्या पावत्या हिरव्या आहेत’ हे प्रत्येक विक्रेत्याचे पहिले उत्तर असते, ते खरेही असते, आणि त्यातून काहीच निष्पन्न होत नाही.

म्हणून वाद न घालता बाइट पाहावेत. वायरशार्कसारख्या, जाळ्यावरून जाणारे बाइट पकडणाऱ्या साधनाने प्रत्येक टप्प्यापूर्वी आणि टप्प्यानंतर तोच संदेश पकडावा आणि पीआयडी-५ मधील नाव हेक्समध्ये वाचावे. ‘प’ साठी ‘ई० ए४ एए’ दिसले तर तेथपर्यंत सारे ठीक आहे. ‘३एफ’ दिसले तर ते प्रश्नचिन्ह आहे आणि माहिती आधीच गेली आहे. ‘ईएफ बीएफ बीडी’ दिसले तर ‘अनोळखी’ची खूण आहे आणि तेथेही माहिती गेलेली आहे. ‘सी३ ए०’ दिसले तर मजकूर दुहेरी एन्कोड झाला आहे. पडद्यावर पाहून निर्णय घेऊ नये, कारण लॉग दाखवणारे साधन स्वतःच चुकीचे एन्कोडिंग गृहीत धरत असेल तर शुद्ध मजकूरही बिघडलेला दिसतो. रुग्णाची माहिती असलेल्या या पकडी तपासणी संपताच नष्ट कराव्यात. चाचणीचा रुग्ण वापरला तर तो प्रश्नच उद्भवत नाही.

कोणी यूटीएफ-१६ (देवनागरीचा प्रत्येक घटक दोन बाइटांत लिहिणारी पद्धत) सुचवले तर स्पष्ट नकार द्यावा. एचएल७ संदेश टीसीपीवरून पाठवताना त्याची सुरुवात ‘०बी’ या बाइटने आणि शेवट ‘१सी’ व ‘०डी’ या बाइटांनी दाखवला जातो. यूटीएफ-१६ मध्ये ‘ज’ चा एक बाइट ‘१सी’ असतो, ‘ऋ’ चा ‘०बी’ असतो आणि ‘द’ चा ‘२६’, जो एचएल७ मध्ये उपघटक तोडणारे चिन्ह आहे. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचा कोणताही बाइट अशा चिन्हांशी टक्कर घेत नाही.

डेटाबेस

तारेवर सारे शुद्ध असूनही सहा प्रश्नचिन्हे येत असतील तर डेटाबेस पाहावा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये लॅटिन कोलेशनच्या (अक्षरसंच व क्रम ठरवणाऱ्या सेटिंगच्या) व्हारचार प्रकारच्या रकान्यात देवनागरी मावत नाही, त्यासाठी एनव्हारचार लागतो, आणि रकाना एनव्हारचार असला तरी क्वेरीतील मजकुरापुढे रोमन मोठा ‘एन’ लावला नसेल तर रकान्यात पोचण्यापूर्वीच प्रश्नचिन्हे होतात. मायएसक्यूएलमध्ये तक्ता, रकाना आणि जोडणी या तिन्ही ठिकाणचे अक्षरसंच तपासावेत, कारण तिसरा नेहमी विसरला जातो. ओरॅकलमध्ये दोष लांबीचा निघतो : तेथे लांबी मूलतः बाइटांत मोजली जाते, त्यामुळे ३० लांबीच्या रकान्यात ‘ज्ञानेश्वर’ बरोबर मावतो आणि ‘ज्ञानेश्वरी’ ३३ बाइटांची असल्याने त्रुटी येते. मग एखादा हुशार प्रोग्रामर तिसाव्या बाइटवर नाव छाटतो. ज्ञानेश्वरीचा ज्ञानेश्वर होतो, आणि हा बदल कोणत्याही एन्कोडिंग-चाचणीत सापडत नाही.

जुने फाँट

एक कारण तांत्रिक जोडणीच्या बाहेरचे आहे. नोंदणीच्या खिडकीवर अजून कृतिदेवसारखा जुना, युनिकोडपूर्व फाँट वापरात असेल, तर साठवलेली माहिती देवनागरी नसतेच. ती रोमन चिन्हे असतात आणि फाँट त्यांवर देवनागरीचा मुखवटा चढवतो. कृतिदेवमध्ये ‘द्य’ हे जोडाक्षर उभ्या रेघेच्या जागी बसवलेले आहे. परिणामी ‘विद्या’ नावाची रुग्ण आली की तिच्या नावात एचएल७ चा फील्ड तोडणारा विभाजक शिरतो, पीआयडी सेगमेंट एक घर सरकतो आणि जन्मतारखेच्या जागी भलतेच काही येते. विभाजक चिन्हांसाठी एचएल७ मध्ये पर्यायी लेखन आहे, उभ्या रेघेसाठी दोन उलट्या तिरप्या रेघांमध्ये रोमन ‘एफ’ लिहितात, आणि ते पाळले तर सेगमेंट वाचतो. पण नाव तरीही निरर्थकच राहते. येथे नोंदणीच्या ठिकाणी युनिकोड कळफलक आणण्याला पर्याय नाही. इंजिनात रूपांतरक बसवणे मी टाळतो, कारण आलेला रोमन मजकूर कृतिदेवमधील मराठी आहे की खरोखर रोमन लिपीतील नाव आहे, हे इंजिनाला ओळखता येत नाही.

एफएचआयआरचा टप्पा

एफएचआयआरने हा प्रश्न कागदावर मिटवला आहे, कारण त्या मानकानुसार यूटीएफ-८ बंधनकारक आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशनसाठी लागणाऱ्या एफएचआयआर आर४ च्या प्रोफाइल ज्या राष्ट्रीय संसाधन केंद्राने प्रसिद्ध केल्या, ते केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्ये आहे. प्रत्यक्षात मात्र एफएचआयआरचा जेएसओएन मजकूर तयार करणारी प्रोग्राममधील ओळ एन्कोडिंग न सांगता बाइट मागते आणि जुन्या जावावर परत तोच आस्कीचा खेळ होतो. या जाळ्यात आरोग्यविषयक मजकूर कूटबद्ध करून पाठवला जात असल्याने, कूटबद्ध करण्यापूर्वी बिघडलेले नाव वाटेत कोणालाही दिसत नाही. ते थेट रुग्णाच्या मोबाइलवर उघडते. तेव्हा तपासणी कूटबद्धीकरणाच्या आधीच्या बाइटांवरच करावी.

जुनी माहिती दुरुस्त करताना

प्रश्नचिन्हे झालेली नावे परत येत नाहीत, त्यासाठी कोणतेही साधन शोधत बसू नये. मूळ नोंदणीत नाव शुद्ध असेल, तर रुग्णाची माहिती अद्ययावत करणारा एडीटी ए०८ संदेश त्या रुग्णांपुरता पुन्हा पाठवावा. जुळवणी नावावर नव्हे, पीआयडी-३ मधील रुग्णक्रमांकावर करावी. रोमन कडबोळे झालेली नावे उलट्या रूपांतराने परत आणता येतात, मात्र रूपांतरानंतर संपूर्ण मजकूर वैध यूटीएफ-८ ठरला तरच तो जतन करावा, आणि ती आज्ञावली शुद्ध नावांवर चालू नये अशी अट आधीच घालावी. नमुने तपासणाऱ्या विश्लेषक यंत्रांकडे देवनागरी नाव पाठवूच नये. त्यांना नमुन्याचा क्रमांक पुरतो.

एन्कोडिंग पूर्ण सुधारल्यावर एक तक्रार उरते, ती म्हणजे दोन्हीकडे अगदी सारखे दिसणारे नाव जुळत नाही आणि रुग्णाची दुहेरी नोंद होते. ‘कुऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’, ‘कऱ्हाडे’ यांतील अर्धा ‘ऱ’ तीन प्रकारे टंकला जातो : स्वतंत्र ‘ऱ’ व हलन्त, ‘र’ व नुक्ता व हलन्त, किंवा ‘र’ व हलन्त व त्यापुढे न दिसणारा जोडक. पहिले दोन प्रकार युनिकोडच्या एनएफसी प्रमाणीकरणाने (एकाच अक्षराची वेगवेगळी लेखने एकरूप करण्याच्या नियमाने) एक होतात, पण तिसरा होत नाही. ‘ॲ’ हे अक्षरही एकसंध किंवा ‘अ’ वर चंद्र देऊन असे दोन्ही प्रकारे येते, आणि एनएफसी त्यांनाही एक मानत नाही. त्यामुळे नाव जतन करताना एनएफसी लावावे, आणि शोधासाठी वेगळा रकाना ठेवून त्यात अर्धा ‘ऱ’ व ‘ॲ’ यांची रूपे स्वतःच्या नियमाने एक करावीत. छापील अहवालावर मात्र नोंदणीत जसे आले तसेच नाव जाऊ द्यावे.